पिवळ्या साबणाची घट

मोजकाकांना कुणी वेळ विचारली तर ते घड्याळात बघून वेळ सांगायचे आणि वर ऐकवायचे, "सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोयस." माणूसच तसा! जिना चढले की पायऱ्या मोजणार, रांगेत उभे राहिले की पुढची डोकी मोजणार. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि ते तिथंच राहिलं. बायकोसुद्धा कधी कधी चिडून "अहो मोजराव" म्हणायची.

दुकानाच्या गोदामात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. दुकान एका शटरचं होतं तेव्हापासूनची ही गोष्ट. पुढे मालक थकला आणि दुकान एका मोठ्या कंपनीला विकून मोकळा झाला. कंपनीची अशी चाळीस दुकानं. तिनं भिंती पांढऱ्याफेक केल्या, छताला डोळे दिपतील असे दिवे लावले, जुनी माणसं एकेक करून घरी पाठवली आणि मोजकाकांना तेवढं ठेवलं. कुठला माल कुठल्या फळीवर कितव्या खोक्यात आहे, हे त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून ठेवलं. उपकार वगैरे काही नाही.

हे सगळं आपल्याला सांगायला उरली ती विमान. म्हणजे बिल करणारी बाई. तिचा हात बिलाच्या मशीनवर असा चालायचा की काउंटरवरच्या पोरींनी तिचं नावच विमान ठेवलं. नवरा एक दिवस कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. घरी गुडघ्यांनी बसलेली आई आणि तिसरीतली मुलगी. तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मोजकाकांनी तिला मॅनेजरपुढे नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "पोरगी हुशार आहे. चुकली तर मला विचारा." त्याला सात वर्षं झाली. काका दुकानात जाता-येता तिला आपल्या गाडीवर मागे बसवायचे आणि एकदाही त्याचा उल्लेख करायचे नाहीत.

आता कंपनीचं डोकं कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मुख्य कचेरीत आकड्यांचं एक खातं होतं. त्याचं नाव लांबलचक होतं, पोरींनी त्याचं 'कुंडलीवाले' करून टाकलं. कुठली वस्तू कुठल्या फळीवर ठेवायची, कुणाला किती वाजता बोलवायचं, कुठला माल बंद करायचा, सगळं कुंडलीवाले तिथं बसून ठरवणार. चाळीस दुकानांतलं बिल न् बिल त्यांच्याकडे जायचं. आणि खोटं कशाला बोला, त्यांचं पुष्कळदा बरोबर यायचं. एकदा त्यांनी दाढीच्या पात्यांशेजारी बॅटरीचे सेल ठेवायला लावले. मॅनेजर हसला, काका हसले. महिन्यात सेल दुप्पट खपले! तेव्हापासून मॅनेजरनं हसणं सोडलं आणि कचेरीतून आलेला कागद तो दोन्ही हातांनी घ्यायला लागला.

काउंटरवर पण त्यांचं लक्ष. मिनिटाला किती वस्तू मशीनखालून गेल्या ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचं. हात भराभर चालला तर हिरवा ठिपका, रेंगाळला तर केशरी, नाहीतर लाल. आठवड्यात तीन दिवस लाल लागला की पुढच्या आठवड्यात दोन पाळ्या कमी. बोलायचं कुणाशी? ठिपक्याशी? गिऱ्हाईक म्हातारं होतं, पिशवीच सापडत नव्हती, हे ठिपक्याला काय कळणार!

म्हणून विमाननं एक युक्ती काढली. एका कंपनीचा साबण चार रंगांत यायचा, गुलाबी, पांढरा, हिरवा आणि पिवळा. किंमत चौघांची एकच. गुलाबीच्या कागदावर बारकोड पाठीमागे सपाट जागेवर होता, मशीनला दाखवला की 'टूं' झालंच. पिवळ्याचा बारकोड नेमका चिकटवलेल्या घडीवर. तो पाच वेळा घासा, कागद ताणा, पुन्हा घासा, तोवर ठिपका केशरी. तेव्हा गिऱ्हाइकानं सहा साबण आणले की विमान गुलाबी एकच दाखवायची आणि सहाचा आकडा दाबायची. गिऱ्हाइकाकडे गुलाबी नसला तरी अडत नव्हतं, काउंटरच्या कडेला एक गुलाबी साबण तिनं कायमचा ठेवून दिला होता. गिऱ्हाइकाचं बिल बरोबर, कंपनीचा गल्ला बरोबर, ठिपका हिरवागार. महिन्याभरात सगळ्या पोरींच्या काउंटरवर एकेक गुलाबी साबण आला. मग बिघडलं कुठं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही, आणि तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपल्याही आला नसता.

बिघडलं ते फळीवर. मशीनच्या हिशेबी गुलाबी साबण धडाधड खपत होता आणि पिवळा जागचा हलत नव्हता. फळीवर बघावं तर पिवळ्याची जागा रिकामी.

दुकानात गोदाम सांभाळणारे दोघे. सकाळी एक, दुपारनंतर दुसरा, आठवड्याला आलटून पालटून. पाळी संपली की हातातलं छोटं मशीन घेऊन किरकोळ मालाच्या तीन फळ्या मोजायच्या. मशीन सांगायचं, 'इथं चोवीस हवेत.' मोजून जितके भरतील तितके टाकायचे, किंवा बरोबर असतील तर नुसतं 'ओके' दाबायचं. दुसरा जो होता तो फळीकडे पाठ करून तीनदा ओके दाबायचा आणि घर गाठायचा, त्याचं नावच ओकेभाऊ. मोजकाका मात्र एकेक साबण बोटानं ढकलून मोजणार, मग भले पाय दुखोत. चोवीसच्या जागी नऊ निघाले तर नऊ टाकणार.

आता बोला! घट सगळ्या दिवसाची, पण सापडायची ती काकांच्याच पाळीला. ओकेभाऊची पाळी कागदावर धुतल्या तांदळासारखी. चौदा महिने हे असं साठत गेलं आणि एक दिवस कुंडलीवाल्यांच्या मशीननं चाळीस दुकानांतल्या माणसांची चाळणी करून एक यादी काढली. ह्या दुकानातलं एकच नाव त्यात होतं.

मॅनेजरनं काकांना बोलावून कागद दाखवला. मंगळवार होता. चहाच्या सुट्टीत काका मागच्या खोलीत विमानसमोर बसले, कप तसाच ठेवला आणि म्हणाले, "पोरी, माझं डोकं चालेना झालंय. माझ्या पाळीला चोरी होते म्हणे. पण गंमत बघ, पिवळे, हिरवे, पांढरे जितके कमी भरतात ना, तितकेच गुलाबी जास्त भरतात. चोर काय गुलाबी आणून ठेवतो आणि पिवळे नेतो?"

विमानच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

तिला त्याच क्षणी कळलं. सगळं कळलं. तोंड उघडलंही तिनं. "काका—" म्हणाली, आणि पुढे म्हणाली ते भलतंच: "मॅनेजरना सांगा की हे."

"सांगितलं. तो म्हणतो, जादा मालाचा अहवाल वेगळा असतो. तो कोण बघतो ते त्यालाही माहीत नाही."

मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ना, ते तिनं केलं. का केलं, तर त्याच सकाळी मॅनेजरनं तिच्या कानात सांगितलं होतं की पहिल्या तारखेपासून तिला हेड करायचं चाललंय. पोरींना शिकवायचं काम, बसून करायचं, पाळी फक्त सकाळची. संध्याकाळी मुलीजवळ घरी. चाळीस दुकानांत तिचा हात सगळ्यांत वेगवान निघाला होता. तेही कुंडलीवाल्यांनीच काढलेलं. आणि वेग कुठून आला हे सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

बुधवारी तिनं एकेक साबण वेगळा दाखवून बघितला. तेवढंच आपल्या हातून कमी होईल, अशी मनाची समजूत. दुपारपर्यंत ठिपका लाल. मॅनेजर येऊन मागे उभा राहिला, "बरं नाही का आज?" म्हणाला. गुरुवारी गुलाबी साबण परत आपल्या जागेवर. काकांना सव्वीस वर्षं झालीत, त्यांना कोण काढतंय, असं ती स्वतःला सांगत राहिली. रोज त्यांच्या गाडीवर मागे बसून घरी येत राहिली. काका बोलेनासे झाले होते. एकदा सिग्नलला थांबल्यावर मागे न बघता म्हणाले, "माझा बाप शेवटी शेवटी विसरायला लागला होता. शेजाऱ्यांच्या वहाणा घालून यायचा. तसं तर नसेल ना काही?" तिनं "छे हो, काहीतरीच" म्हटलं. एवढंच म्हटलं. तोंडाला कुलूप लागलं होतं का बाईच्या! राग येतो, पण राग येऊन करता काय.

अकराव्या दिवशी, शनिवारी, मुख्य कचेरीतून दोघं आले. काचेच्या खोलीत काकांना बसवलं. विमानच्या काउंटरवरून खोली सरळ दिसायची. काका हात हलवून काहीतरी सांगत होते, बोटांनी मोजून दाखवत होते. समोरचा माणूस लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून पुन्हा पुन्हा एकाच रेघेवर बोट ठेवत होता. आत काय झालं ते मॅनेजरनंच नंतर पोरींना सांगितलं.

"तुमच्या पाळीला घट, दुसऱ्याच्या पाळीला शून्य. चौदा महिने," तो माणूस म्हणाला.

"मी मोजतो म्हणून दिसते," काका म्हणाले.

"म्हणजे दुसरा मोजत नाही? पुरावा आहे?"

काकांनी ओकेभाऊचं नाव घेतलं नाही. त्याच्या घरी तान्हं मूल होतं, आणि कुणाच्या पोटावर पाय देणं काकांना कधी जमलंच नाही. मग त्या दोघांनी दोन कागद पुढे ठेवले. एक पोलिसात द्यायची तक्रार. दुसऱ्यावर लिहिलेलं, 'माझ्याकडून माल बाहेर गेला आहे, मी स्वखुशीने काम सोडत आहे.' दुसऱ्यावर सही केली तर पहिला फाडू. तास-दीड तास काका नुसते त्या दोन कागदांकडे बघत बसले. मग चष्मा पुसून सही केली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता! बाहेर पडताना काका काउंटरांसमोरून गेले. पोरींनी माना खाली घातल्या. विमानसमोर गिऱ्हाईक होतं, चार साबण घेऊन. तिनं आकडा दाबला.

पुढच्या आठवड्यापासून दोन्ही पाळ्यांची मोजणी ओकेभाऊकडे आली, नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून. आणि घट एकदम थांबली. एका साबणाचीसुद्धा घट नाही! का थांबली ते आपल्याला दिसतंय, पण कुंडलीवाल्यांना दिसली ती सपाट रेघ. माणूस काढला आणि चोरी थांबली, याहून आणखी काय पाहिजे? काकांचं नाव खोडून तो आलेख चाळीसही दुकानांच्या मागच्या खोलीत लागला, 'आकडे खोटं बोलत नाहीत' असं वर लिहून. विमान पहिल्या तारखेला हेड झाली. त्या भिंतीसमोर बसून तिला डबा खावा लागायचा.

तीन आठवडे तिनं तो डबा खाल्ला. मग कुंडलीवाल्यांतली एक चष्मेवाली पोरगी दुकानात आली, विमानचा हात मोबाइलवर टिपायला. चाळीस दुकानांतल्या पोरींना दाखवून तसं शिकवायचं होतं.

"ताई, तुम्ही नेहमीसारखंच करा हं," पोरगी गोड हसून म्हणाली.

विमाननं नेहमीसारखंच केलं. एका बाईचे सहा साबण होते. गुलाबी साबण उचलला, दाखवला, सहा दाबला. मग हात थांबवला. "मॅडम," ती म्हणाली, "आता ह्यांच्या पिशवीत बघा."

पिशवीत तीन पिवळे, दोन हिरवे, एक पांढरा. चष्मेवालीनं पिशवीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा पिशवीकडे बघितलं. पोरगी हुशार होती, तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. तोंडावरचं हसू मावळलं. मागच्या खोलीत जाऊन तिनं लॅपटॉपवर तो कुणीच न उघडलेला जादा मालाचा अहवाल उघडला. गुलाबी साबण जादा: चारशे बारा. बाकी तिन्ही रंगांची घट: चारशे चौदा. दोन साबण काय ते खरोखर कुणीतरी पळवले असतील.

"हे आधी का नाही बघितलं आम्ही?" ती स्वतःशीच म्हणाली. विमाननं तिला ओकेभाऊचंही सांगितलं. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं! पोरगी फोन घेऊन बाहेर गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते, हे मात्र सांगायला पाहिजे.

"ते आकड्याचं बटण उद्यापासून बंद होईल," ती म्हणाली. "तुमच्यावर काही नाही, ताई. उलट चूक दाखवलीत म्हणून तुमचं नाव वर कळवायला सांगितलंय."

"आणि काका?"

"त्यांची सही आहे ना कागदावर. त्यांनी कबूल केलंय. वरचे म्हणतात, ती फाइल बंद झाली." तिनं लॅपटॉप मिटला. "आणि ताई, त्यांचं ते कबूल करणं मशीनला शिकवलंय आम्ही. चोर कसा ओळखायचा ते. आता बाकीच्या दुकानांतही त्यावरूनच नावं निघतायत."

विमान त्या दुपारी अर्धी रजा टाकून काकांच्या घरी गेली. दोन खोल्या, दाराशी वाळत टाकलेला टॉवेल. काकूंनी दार उघडलं आणि तिला बघून त्यांचं तोंड उजळलं. "अगंबाई, ये ये! इतक्या दिवसांत दुकानातलं कुणी फिरकलं नाही बघ." आतल्या लाकडी कपाटाला कुलूप होतं. काकू हळूच म्हणाल्या, "ह्यांनीच लावायला लावलं. बाहेरून आले की खिसे तपास म्हणतात माझे. म्हणतात, मशीन काय खोटं बोलणार आहे, माझ्याच हातून होत असेल न कळत. अख्खं घर उपसलं गं आम्ही, साबण शोधायला."

काका खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. विमाननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गुलाबी साबण, सहाचा आकडा, ओकेभाऊ, चारशे बारा, चारशे चौदा. सांगताना ती रडत होती, पण थांबली नाही.

काका ताडकन उठले. "ऐकलंस का गं?" त्यांनी काकूंना हाक मारली, आवाज चिरकला. "मी नव्हतो! माझं डोकं ठीक आहे! अगं, बापासारखं नाही झालं मला!" काकू पदर डोळ्यांना लावून हसायला लागल्या, चहा टाकते म्हणून आत पळाल्या. काकांनी विमानच्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो, पोरी. कामावर परत नाही घेतलं तरी चालेल. मला एवढंच पाहिजे होतं." मग हात काढता काढता, सहज विचारावं तसं विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

'काल' म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? 'आज सकाळी त्या मॅडमनी सांगितलं' म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता? दोन्ही तिच्या जिभेवर आलं होतं.

"तुम्ही सांगितलंत तेव्हाच," ती म्हणाली. "मंगळवारी. चहाच्या वेळी."

काकांना हिशेबाला वेळ लागला नाही. "म्हणजे सहीच्या आधी अकरा दिवस."

"हो."

"सिग्नलला मी बापाचं बोललो, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

काकू चहाचे कप घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. काका पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. ओरडले असते, हाकलून दिलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं.

"मशीनला तर काही माहीतच नव्हतं," ते बाहेर बघत म्हणाले, आणि काकूंकडे वळले. "हिला सोडून ये कोपऱ्यापर्यंत. मुलगी शाळेतून आली असेल हिची."

काकूंनी कप खाली ठेवले, पायांत वहाणा घातल्या आणि तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या.